येसाजीची मिशी आणि रघुनंदनची शुगर

पैज लागली ती येसाजीच्या मिशीवर.

शेजारच्या रघुनंदनला शुगर होतीच, त्यात रक्तात हेपटायटिस सीचा व्हायरस निघाला होता. बारा आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "लिव्हरमध्ये हा पाहुणा बसला, की इन्सुलिन नुसतं दार ठोठावतं, आतून कुणी उघडत नाही. पाहुणा गेला की बऱ्याच जणांची शुगरही उतरते. सगळ्यांची नाही हं."

"व्हायरसच्या गोळीनं शुगर उतरणार?" येसाजीनं मिशीला पीळ दिला. "अण्णा, तुझ्या कॉफीत साखरेनं चमचा उभा राहतो!"

"आणि उतरली तर?" रघुनंदन म्हणाला.

"तर मल्लाप्पा न्हाव्याच्या खुर्चीत बसून, अख्ख्या गल्लीसमोर ही मिशी काढीन. नाही उतरली तर तू टक्कल करायचं. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी रिपोर्ट."

येसाजीनं बंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझरकी केली होती. कामगार कुठल्या कोपऱ्यात बिडी ओढतात हे हुडकण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यापासून हुडकायला काहीच नव्हतं. आता मिळालं!

रघुनंदनचं कापडाचं दुकान चिकपेटला. येसाजी मेट्रोनं मागोमाग. पहिल्याच शुक्रवारी चोर सापडला: रघुनंदननं कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो मैसूरपाक घेतला, डबा पिशवीत, पिशवी छातीशी. पण खाताना काही दिसेना. म्हणून येसाजी रोजच त्या दुकानात ठाण मांडून बसू लागला.

"नुसतं बसायचं नाही सार," मालक म्हणाला. "काहीतरी घ्या."

"सरी, बरं. स्वल्प, थोडासाच मैसूरपाक दे."

कामासाठी खावं लागतं, त्याला काय करणार! सोमवारी दोन वड्या, मंगळवारी तीन. सहा महिने नेमानं पाळत.

रिपोर्ट आला त्या रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये गल्ली जमली. रघुनंदननं चष्मा लावून रिपोर्ट वाचला. व्हायरस साफ. तीन महिन्यांची सरासरी शुगर साडेआठावरून सहावर. डॉक्टरीणबाईंनी शुगरची गोळीसुद्धा अर्धी केलेली.

"गोळी अर्धी आणि डबा अख्खा?" येसाजी गरजला. "दर शुक्रवारचा मैसूरपाक कुणाच्या पोटात गेला ते सांग!"

रघुनंदन आभाळाकडे बघू लागला. शेवटी त्याची बायको वसुमती पुढे आली. नवऱ्याबरोबर मीही गोड सोडलंय, असं ती सहा महिने गल्लीभर सांगत होती.

"माझ्या," ती पुटपुटली. "ह्यांनी वासही घेतला नाही हो."

गल्ली हसली, येसाजी नाही. "लॅबवाला ह्याचा पाहुणा असणार! आत्ता, माझ्यासमोर बोट टोच."

दोघंही उपाशीच होते. वसुमतीनं घरातलं यंत्र आणलं. रघुनंदन: एकशे चार.

"यंत्र बिघडलंय!"

"मग तुझं बोट दे की," रघुनंदन म्हणाला.

येसाजीनं ऐटीत बोट पुढे केलं. यंत्र जरा थांबलं. दोनशे अडुसष्ट.

वसुमतीनं गुपचूप पुन्हा टोचलं. दोनशे एकाहत्तर.

"येसाजी," रघुनंदननं खांद्यावर हात ठेवला, "उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे यायचं. आणि संध्याकाळी चिकपेटला तू दिसलास, तर मी मागेच आहे, समजलं ना?"

मल्लाप्पानं पिंपळाखाली खुर्ची मांडली, वस्तरा परजला. "अण्णा, स्वल्प ठेवू का? कडेला?"

"पैज म्हणजे पैज. काढ सगळी."

मिशी वर्तमानपत्रावर पडली. मल्लाप्पानं आरसा धरला. आरशात कुणीतरी अनोळखी माणूस बसलेला दिसला, तेव्हा येसाजीला त्याचा लगेच संशय आला; आणि त्यानं सवयीनं पीळ द्यायला हात वर नेला.