मेस्त्रीकाकांनी उघडलेलं रिव्हॉल्वर

मेस्त्रीकाकांना चहा दिला की ते आधी बशी उलटी करून बघायचे. शेजारी चार पाहुणे बसलेत, चहा निवतोय, कशाचं काही नाही. बुडाशी छाप असला तर डोळ्याला भिंग लावून वाचायचा, नखाने खरवडायचा आणि निकाल द्यायचा, "छाप मागसून मारलेलो आसा. नकली." मग त्याच नकली बशीतून चहा भुरकायचा.

माझ्या हळदीकुंकवाच्या दिवशी ते कुकरची मूठ बसवून द्यायला आले, आणि सासूबाईंच्या देखत माझ्या माहेरच्या चांदीच्या अत्तरदाणीला त्यांनी जर्मन सिल्व्हर ठरवलं. सासूबाई पुढे आठ दिवस माझ्याशी गोड बोलत होत्या, यावरून समजा काय ते. मी काकांना झापलं, "तोंड बंद ठेवायला काय घ्याल हो?" तर म्हणाले, "मी खंय बोललंय गो सुमन? अत्तरदाणी बोलली."

कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर एकटे राहायचे. मूळचे मालवणकडचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्मभर फिटर होते. रिटायर झाल्यावर जिन्याखाली टेबल टाकलं, त्याला शिकंजा बसवला आणि सकाळी आठच्या ठोक्याला तिथे हजर व्हायला लागले. सगळ्या इमारतीची कुलपं, मिक्सर, पंखे तिथेच बरे व्हायचे, तेही फुकट. सुट्टी नाही. रविवारी म्हटलं, "आज तरी झोपा," तर म्हणायचे, "घरात बसान काय करू? भिंतीचे स्क्रू काढू?" ते टेबल गेलं असतं तर काका आठवड्यात आडवे झाले असते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या चेअरमनना तर फारच चांगलं ठाऊक होतं.

चेअरमन दळवीसाहेब. काकांच्याच गावचे, पण घराणं मोठं. त्यांच्याकडे पणजोबांचं ठासणीचं रिव्हॉल्वर होतं. पणजोबांनी म्हणे एका गोऱ्या कॅप्टनकडून ते हिसकावलं आणि त्याच्यावरच झाडलं. हा कॅप्टन दर दसऱ्याला नव्याने मरायचा, आणि दर वर्षी थोडा उंच व्हायचा. सोसायटीच्या हॉलमध्ये रिव्हॉल्वर तबकात ठेवायचं, आम्ही बायकांनी हळदकुंकू, झेंडू वाहायचा. काका मात्र हॉलमध्ये फिरकायचे नाहीत. ते आपल्या टेबलावर कानशी आणि नट आवळायचे पाने मांडून त्यांची पूजा करायचे.

त्या वर्षी एका वस्तुसंग्रहालयाचे साहेब दसऱ्याला ते बघायला येणार होते. काचेच्या कपाटात पणजोबांच्या नावाची पाटी लागणार! म्हणून दळवींनी रिव्हॉल्वर काकांकडे साफ करायला दिलं. काकांची बशी बघितलेल्या दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती.

दोन दिवसांनी काकांनी मला टेबलापाशी हाक मारली. "हय बघ." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तर त्यांनी शिकवलं. ठासणीच्या रिव्हॉल्वरला सहा घरं. त्यात पुढून दारू आणि गोळी ठासायची. मागे सहा निपलं, म्हणजे भोकाच्या बारीक नळ्या, त्यांच्यावर तांब्याच्या टोप्या. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलाच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. टोप्या फुटून फुटून निपलांभोवतीचं लोखंड खाल्लं जातंच. इथे मूठ झिजून गुळगुळीत, आणि निपलांभोवती लोखंड कोरं करकरीत! वर गंज होता, पण सगळीकडे सारखा. लिंबू आणि मीठ लावून आणलेला, काका म्हणाले. मग त्यांनी निपलावर वर्षानुवर्षं बसलेलं कुंकू टाचणीने उकरलं. टाचणी आत जाईना. सहाही निपलांना भोकच नव्हतं.

"म्हणजे हे कधी उडलंच नाही?"

"गोळी सोड गो, हेच्यातसून उदबत्तीचो धूर जावचो नाय."

मी पोट धरून हसले. काका हसले नाहीत. ते दळवींना सांगायला गेले आणि पडलेल्या तोंडाने परत आले. दळवी म्हणाले होते, "मेस्त्री, साहेबांसमोर एक अक्षर काढायचं नाही. जिन्याखालची जागा सोसायटीची आहे, विसरू नका." मीही हात जोडले, "काका, जाऊ दे ना! कुणाच्या पणजोबांनी कुणाला मारलं, आपलं काय जातं?"

"माझां जाता," काका म्हणाले.

दसऱ्याला ते पहिल्यांदा हॉलमध्ये आले. इस्त्रीचा सदरा, खिशात भिंग. कॅप्टन मरून झाला, टाळ्या झाल्या, आणि साहेबांनी सहज विचारलं, "हे कुणी उघडून पाहिलंय का?" काका ताडकन उभे राहिले. "मी पाहिलंय. अस्सल नाही, नक्कल आहे. पण असं काम तुम्हाला बघायला मिळणार नाही. प्रत्येक स्क्रू हाताने कापलेला आहे." साहेबांनी टाचणी लावून बघितली, मान हलवली आणि संग्रहालय नकला घेत नाही, असं सांगून पेढाही न खाता गेले.

दळवी लालेलाल. "उचला ते भंगार आणि तुमचं टेबलही उचला! उद्या जिन्याखाली दिसलात तर बघा!" काकांनी रिव्हॉल्वर इतक्या चटकन पिशवीत टाकलं, की दळवींचं वाक्य संपायचं होतं. माझंही डोकं फिरलं. भर हॉलमध्ये म्हटलं, "टेबल माझ्या गॅलरीत येईल. कोण अडवतं बघू!" सासूबाईंनी डोळे वटारले. वटारू देत.

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले ती भांडायलाच. काय मिळालं हो एवढं करून? काकांनी मला खाली बसवलं. म्हणाले, दळवींच्या आजोबांनी अस्सल रिव्हॉल्वर केव्हाच विकलं होतं. दसऱ्याचं तबक रिकामं राहू नये म्हणून गावच्या मेस्त्रीला पडवीत कोंडून ही नक्कल करून घेतली, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतला. तो मेस्त्री म्हणजे काकांचे वडील. आईने मरताना हे सांगितलं होतं, पण काकांचा पुरता विश्वास बसला नव्हता. गाव त्यांना कोयत्याला मूठ बसवणारा म्हणूनच ओळखत राहिला.

"दरवर्सा तबक हॉलात नेताना लांबसून संशय येय. हातात गावला आणि समाजला. बापूस डावरो होतो. कानशीचे वळ सगळे उलटे."

"मग हॉलमध्ये ओरडून सांगायचं होतं!" माझा आवाज चढला होता.

"दळवीच्या आज्याची अब्रू गेली असती. बापाशीन शब्द दिलेलो." मग थोडं थांबून म्हणाले, "पण खरां म्हटलां असतां तर तां खंयच्या गोऱ्या सायबाचां झालां असतां. खोटां म्हणान बापाशीचां."

त्यांच्या घरात बायकोचा फोटो होता, वडिलांचा नव्हता. तसा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणाले. काका सात वर्षांचे असताना वडील गेले. रिव्हॉल्वरच्या मुठीवर अंगठा टेकायला एक खळगी होती, तीही उलट्या बाजूला. वडिलांनी मूठ तासताना आपलाच हात मापाला घेतला होता.

काका उजव्या हाताचे. त्यांनी पिशवीतून रिव्हॉल्वर काढलं, मूठ डाव्या हातात घेतली, अंगठा त्या खळगीत ठेवला आणि माझ्यासमोर लहान मुलासारखे रडायला लागले. मी चहा टाकायला उठले. चहा झाला, निवला, तरी त्यांनी तो हात सोडला नाही.