न्यूमोनियामुक्त रुग्णालय

नियम मोडणे हा गुन्हा आहे. मात्र नियम आपल्याला लागूच होत नाही हे वेळेवर ओळखणे, याला अनुभव म्हणतात. भावनगरच्या आमच्या रुग्णालयात अनुभवाची वानवा कधीच नव्हती.

न्यूमोनियाला कोणतं अँटिबायोटिक द्यावं याची नियमावली आमच्या डॉ. प्रफुल वसावडासाहेबांनी स्वतः लिहिली. सौम्य आजाराला साधी गोळी, गंभीर असेल तर इंजेक्शन, आणि सगळ्यात भारी औषध अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून. नारळ फोडून ती प्रत्येक विभागात टांगण्यात आली. (मी समितीत होतो. गाठिया ताजे होते.)

मग पालन सुरू झालं. शस्त्रक्रिया विभागाने कळवलं की आमच्याकडे न्यूमोनिया नसतो, ऑपरेशननंतरचा ताप असतो. अस्थिविभागाने नियमावलीत हाडांचा उल्लेख नसल्याचं निदर्शनास आणलं. मेडिसिनवाले 'छातीत कफ' एवढंच निदान लिहू लागले, आणि कफाला भारी औषध द्यायला कुठल्याच कलमाची आडकाठी नव्हती. वर्षअखेरीच्या तपासणीत न्यूमोनियाचे रुग्ण शून्य, नियमभंग शून्य आणि पालन शंभर टक्के निघालं. वरून सन्मानाची ढाल आली. (शून्याचे शंभर टक्के कसे झाले, असं विचारणारा कारकून सध्या कच्छमध्ये असतो.)

या लौकिकाला बट्टा लावला तो डॉ. फोरम धोळकिया या नव्या मुलीने. वसावडासाहेबांच्या आई, इंदुमतीबा (सगळे त्यांना नुसतं 'बा' म्हणत), ताप-खोकल्याने दाखल झाल्या. फोरमने छाती तपासली, सरळ 'न्यूमोनिया, सौम्य' असं लिहिलं आणि नियमाप्रमाणे साधी गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब तरातरा आले. "माझ्या बाला ही गोळी? ही तर कुणालाही देतात."

"साहेब, तुमच्याच नियमावलीत आहे. ही काय, भिंतीवर."

"ती पेशंटसाठी आहे, बेन. ही माझी आई आहे."

"अरे प्रफुल," बा खाटेवरून म्हणाल्या, "त्या गोळीनं ताप उतरलाय माझा. खिचडी-कढी आण थोडी, आणि पोरीवर ओरडू नकोस."

पण मुलाची माया खिचडीवर भागत नाही. त्याच संध्याकाळी सगळ्यात भारी औषध शिरेतून सुरू झालं. त्याने छातीतले उरलेसुरले जंतू मारले आणि पोटातले उपयोगाचेही मारले. बांना जुलाब लागले ते काही थांबेनात. आठवड्याभरात बा गेल्या. भली बाई होती, मला अजून हळहळ वाटते.

दाखल्यावर मृत्यूचं कारण 'वार्धक्य' लिहिलं. पालनाचे शंभर टक्के शाबूत राहिले.

फोरमला हलगर्जीपणाबद्दल काढण्यात आलं. जवळच सिहोर गावात आता तिचा दवाखाना आहे. ती छाती नीट तपासते, साधी गोळी देते, पुष्कळदा तीही देत नाही. त्यामुळे गर्दी अजिबात नसते. बाहेर लांबलचक बाकडं आहे, वर पंखा आहे. त्या बाकड्यावर मी तुम्हालाही पाहिलंय. शेजारचे डॉक्टर पहिल्याच दिवशी भारीतलं देतात, आणि त्यांच्याकडे नंबर लागेपर्यंत बसायला हे बाकडं बरं पडतं.