लवू परबचं सामुदायिक चालणं

माणूस जगाला दिलेला शब्द पाळतो आणि स्वतःला दिलेला मोडतो, कारण स्वतःविरुद्धची तक्रार कोणत्याच चौकीत नोंदवून घेत नाहीत. ही उणीव जोगेश्वरी पूर्वेच्या आमराई सोसायटीने भरून काढली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

लवू परब, वय एकोणपन्नास, राहणार तिसरा मजला, याची उपाशीपोटी साखर दोनशे शहाऐंशी निघाली. याच साखरेने त्याच्या वडिलांच्या पायाचा अंगठा गेला होता, आणि ती जखम लवूची बायको प्रेमा हिने दोन वर्षं धुतली होती. त्यामुळे ती खरोखर घाबरली. लवूही घाबरला (सुमारे चार दिवस). रोज पाच किलोमीटर चालायचा नेम त्याने नऊ वेळा केला. खुर्चीत बसून पाय हलवला तरी पावलं मोजणारं ॲप 'शाब्बास' म्हणतं, हा शोध त्याचाच.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत सत्यनारायण असतो. पूजा झाली की अठ्ठ्याहत्तर वर्षांचे भिवाकाका नारळ हातात धरून देवाला मालवणीत गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला हो म्हणतात. कशाला हो म्हणतोय ते ऐकायची पद्धत नाही. प्रेमाने यंदा काकांना हळूच एक कलम सुचवलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लवू रोज पाच किलोमीटर चालतलो, तेचो नेम तडीक ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बावन्न घरं म्हणाली. (प्रेमा तेवढी शिरा ढवळत होती.)

सहाव्या दिवशी लवूची टाच दुखली आणि तो घरी राहिला. त्याच दुपारी लिफ्ट बंद पडली. (लिफ्ट महिन्यातून चारदा बंद पडते, पण या वेळी कारण सापडलं.) देवासमोर हो म्हणणारे सगळेच जामीन असतात, हे तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं. तातडीची सभा भरली. सेक्रेटरी सुलक्षणा राणे बँकेत ऑफिसर. त्यांनी तोडगा काढला.

"नवस काय, घरातल्या कोणीही फेडला तरी चालतो ना? मग आपण आळीपाळीने चालू या. यात लवूला कशाला त्रास?"

ठराव एकमताने मंजूर झाला. लवूने स्वतः अनुमोदन दिलं.

तेव्हापासून पहाटे सहाला ज्याची पाळी असेल तो लवूच्या दाराशी येतो, प्रेमाने हौसेने आणलेले आठ नंबरचे बूट घालतो (माप ज्याचं त्याने बघावं), पाच किलोमीटर चालतो आणि परत येऊन वहीत सही करतो. वही घेऊन लवू गेटजवळ खुर्चीत बसलेला असतो. काम जबाबदारीचं आहे, कारण लोक चुकारपणा करतात. दुसऱ्या मजल्यावरचा निलेश चौथ्या किलोमीटरवरून रिक्षाने परतला, तेव्हा लवूने त्याला चारचौघांत फैलावर घेतलं. "माझ्या तब्येतीशी खेळतोस काय रे? लाज नाही वाटत?"

तीन महिन्यांचा अहवाल असा: नेम शंभर टक्के पाळला गेला. सुलक्षणाताई सहा किलोने उतरल्या. भिवाकाका गुडघेदुखी विसरले. लवूची साखर तीनशे एकेचाळीस. (लॅबला ठरावाची प्रत पाठवली आहे, उत्तर आलेलं नाही.)

"अख्ख्या बिल्डिंगची उतरली," प्रेमा रिपोर्ट हातात धरून म्हणाली, "आणि तुमची चढली. अहो, पुन्हा कोणाचा पाय धुवायची ताकद नाही माझ्यात." लवूला मनापासून वाईट वाटलं. तो त्याच क्षणी चालायला निघणार होता, पण बूट ड्युटीवर गेले होते.

आता मे महिना लागला. बावन्नातली सत्तेचाळीस घरं गावी गेली आणि पाळ्या रिकाम्या पडल्या. हा मजकूर त्यासाठीच प्रसिद्ध केला आहे. 'व्हय म्हाराजा' तुम्ही वर वाचलंत, आणि मनातल्या मनात म्हटलेलंही देवाला ऐकू जातं. तेव्हा तुम्हीही जामीन आहात. गुरुवारी सकाळी सहा वाजता आमराईच्या गेटवर या.

जमणार नसेल तर संकोच नको. वहीत 'उद्यापासून' असा एक रकाना आहे, तिथे सही केली तरी चालते. सगळ्यात वरची सही लवूची आहे. तिच्याखाली तुमच्यापुरती जागा ठेवली आहे.