बाप्पाखालचा बांध

एम.ई. व्हायची हौस मला कधीच नव्हती. ती लागली एका लग्नपत्रिकेमुळं. माझ्या मेव्हण्याच्या पत्रिकेत 'आपले नम्र'मध्ये माझ्या साडूचं नाव छापलं होतं, 'श्री. आदर्श, एम.ई.', आणि त्याखाली माझं नुसतंच 'श्री. दिनानाथ'. (बी.ई. छापायला जागा उरली नाही, असं सासरे म्हणाले. खाली केळीचे दोन खांब मात्र ऐसपैस छापले होते.)

"मृणालीच्या पत्रिकेत तुमच्या नावापुढं एम.ई. आलंच पाहिजे," माझी बायको प्रणिता पंगतीतच म्हणाली. मृणाली ही तिची धाकटी बहीण. तेव्हा ती शाळेत जात होती, म्हणून मी जिलबी खाता खाता बेफिकीरपणे 'हो' म्हणून टाकलं.

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत सिव्हिल इंजिनीअर. कंपनीची गटारं, कंपाउंडची भिंत आणि साहेबांच्या बंगल्यावरची गळकी टाकी हे माझं साम्राज्य. नोकरी सांभाळून पार्टटाइम एम.ई.ला नाव घातलं आणि धापा टाकत पेपर सोडवले. मला वाटलं, झालो एम.ई.! मग कळलं की अजून सेमिनार द्यायचे असतात, विषय मंजूर करून घ्यायचा असतो, प्रबंध लिहायचा असतो, गाइड सरांनी तो परत केला की पुन्हा लिहायचा असतो, आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या परीक्षकापुढं मॉडेल ठेवून तोंडी परीक्षा. तीही मुदतीच्या आत. मुदत टळली की सगळं रद्द, पुन्हा श्रीगणेशा.

एवढ्यात मृणाली मोठी झाली आणि तिचं लग्नही ठरलं. माझी मुदत भाद्रपदात संपत होती आणि पत्रिका दसऱ्याला छापून येणार होत्या. प्रणितानं माझ्या नावापुढचं एम.ई. आधीच माहेरी कळवून टाकलं होतं.

प्रबंधाचा विषय होता खाडीचा बांध. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्या भागात घालतात तो. त्याचं सिमेंटचं मॉडेल मी स्वतःच्या हातांनी केलं. वर सपाट माथा, पुढं उतरत्या पायऱ्या, पाणी झिरपायला बारीक भोकं. वर पांढरा गिलावा. दोन माणसांनी उचलावं एवढं वजन. ते वाळत ठेवायचं कुठं? आम्ही पेणला हैबतरावांच्या घरात भाडेकरू, आणि घराच्या पुढच्या भागात त्यांचा गणपतींचा कारखाना. आत सगळीकडं मूर्ती. तेव्हा वारा लागावा म्हणून मी ते कारखान्याच्या दाराशी ठेवलं आणि निश्चिंत मनानं ड्यूटीवर गेलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी एसटीनं परतत होतो. खांब गावाजवळ समोरून एक टेम्पो आला. आत बाप्पा, सोनेरी सिंहासनावर. मी खिडकीतून भक्तिभावानं हात जोडले. 'बाप्पा, परवाची परीक्षा सांभाळ रे,' असंही मनात म्हणालो.

घरी आलो तर दाराशी मॉडेल नाही.

"इंदुबाई, इथं माझा बांध होता!" कारखान्यात रंगकाम करणाऱ्या इंदुबाई हात पुसत बाहेर आल्या.

"बांध? ता सिंव्हासन ना? रंगवलाव की! दोन बाजूंना दोन मोर काढलेत. लय झ्याक झाला व्हता!"

"पण रंगवलंत कशाला?"

"आता घ्या! दाराशी ठेवलंत म्हंजे रंगालाच ना ओ? कच्चा माल आत, रंगाचा दाराशी. सगल्या पेणला म्हायती हाय."

सगळ्या पेणला माहीत होतं, मला सोडून. (मी तिथंच लहानाचा मोठा झालो आहे, हे कृपया विसरा.)

"मग गेलं कुठं?"

"रोह्याचं मंडळ घेऊन गेलं. बाप्पा त्यावर असा फिट बसला!"

म्हणजे खांबला मी स्वतःच्याच प्रबंधाला नमस्कार केला होता. मला तिथंच रडू यायचं बाकी राहिलं.

तेव्हा महामार्ग चाकरमान्यांच्या गाड्यांनी तुंबलेला. दुसऱ्या दिवशी सकाळची रेल्वे धरली, तर ती कासूला क्रॉसिंगसाठी निवांत उभी राहिली. रोह्याच्या मंडपात पोचलो तेव्हा प्राणप्रतिष्ठा होऊन गेली होती.

"आता अनंत चतुर्दशीपर्यंत बाप्पा जागचा हलायचा नाय," मंडळाचे अध्यक्ष काळुराम माझ्या हातावर प्रसाद ठेवत म्हणाले.

"अहो, पण त्याच्याखाली माझी डिग्री आहे!"

"मग तर एकदम सुरक्षित हाय. पहारा बसवलाय."

मी एसटीडी बूथवरून गाइड सरांना फोन केला. ते म्हणाले, "परीक्षक पुन्हा यायचे नाहीत. त्यांना तिकडंच घेऊन येतो."

परीक्षक मंडपात आले, बूट काढून माझ्या बांधापुढं उभे राहिले. भोकाभोकांतून रंगीत दिवे लुकलुकत होते.

"पाणी सोडून दाखवा," परीक्षक म्हणाले.

"नाय सायब, शॉक बसंल," काळुराम म्हणाले.

"मग भार किती पेलतो?"

मी गुपचूप वर बोट दाखवलं. परीक्षकांनी मान वर केली आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यात आरती सुरू झाली, कुणीतरी त्यांच्या हातात झांजा दिल्या. सर टाळ्या वाजवत होते, मी घाम पुसत होतो. आरती संपल्यावर परीक्षकांनी शेवटचा प्रश्न विचारला, "हे मोर कशासाठी?"

"खाऱ्या हवेपासून संरक्षणासाठी लेप आहे, सर," मी म्हणालो.

त्यांनी मोदक तोंडात टाकला आणि मी पास झालो! त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी काळुरामांना मिठी मारली. बांध नंतर बाप्पाबरोबर कुंडलिका नदीत गेला, त्याचंही काही वाटलं नाही.

मंडळाला सजावटीचं पहिलं बक्षीस मिळालं. काळुरामांनी मनाचा मोठेपणा दाखवून 'बाप्पाचं मखर यांनी केलं' असं सांगत सत्काराला माझं नाव पुकारलं, आणि बक्षीस समारंभाला नेमके माझे सासरे हजर होते.

दसऱ्याला पत्रिका आल्या. मी एक उघडली. प्रणिता खांद्यावरून वाचत होती. साडूचं नाव होतं, 'श्री. आदर्श, एम.ई.' त्याखाली माझं. यंदा नावापुढं जागाही सोडली होती.

'श्री. दिनानाथ, मखरवाले.'