भागीदाराची चौकशी

माणूस पारखावा तर मी! हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. सरकारी कचेरीत सतरा वर्षं हेडक्लार्की केली. समोरच्यानं खिशातून अर्ज काढायच्या आत तो कशाला आलाय ते मी ओळखायचो!

चौऱ्याहत्तर साली राजारामपुरीतल्या माझ्या प्लॉटवर सहा बिऱ्हाडांची इमारत बांधून भाड्यानं द्यायची, असं मी ठरवलं. एकट्याच्या आवाक्यातलं काम नव्हतं, भागीदार हवे होते. लोक भागीदार निवडतात चहा पितापिता, आणि मग दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात! आपलं तसं नाही. घराणं कसं, भाऊबंदकी आहे का, व्यसन, आजार, घरातली माणसं वागायला कशी, सगळं विचारून घ्यायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

सिमेंट परमिटवर मिळायचं. ते काढायचं काम माझं. बांधकामावर नजर ठेवायला धाकटा भाऊ सयाजी होता. बांधकाम खात्यात ओव्हरसियर, वय एकोणतीस, लग्न व्हायचं होतं, आणि दिवसाला बोलणार चार शब्द! राहिलं लाकूड. त्यासाठी मी गंगावेशीतले वखारवाले गणपतराव हेरले.

त्यांच्या गल्लीत जाऊन पानपट्टीवर विचारलं, न्हाव्याकडे दाढी करताकरता विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून एस.टी.नं त्यांच्या मूळ गावी कुरुंदवाडलाही जाऊन आलो. जो तो जरा जास्तच गोड बोलत होता. गिरणीवाल्यानं तर चहा पाजला!

"पावणं, डोळं झाकून पुढं जावा! असं घर मिळायचं न्हाय."

काय नाव कमावलंय माणसानं, असं मला वाटलं. मी गणपतरावांना निरोप धाडला, की रविवारी सकाळी धाकट्या भावाला घेऊन येतो.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

रविवारी गेलो तर दारात सडा, रांगोळी, आत उसन्या खुर्च्या! गल्लीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यात उभ्या. गणपतराव नवा फेटा बांधून बसलेले. त्यांची बहीण झुंबरबाई खास कोडोलीहून आलेली. नुसत्या भागीदारीच्या बोलण्याला एवढा थाट! माझी छाती फुगली.

मग गणपतरावांची मुलगी कालिंदी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. अठ्ठावीसच्या आसपासची असेल. डोक्यावर पदर, नजर खाली. आई नव्हती तिला.

"इचारा की पावणं, काय इचारायचं ते," झुंबरबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, वखारवाल्याच्या घरात वखारीचंच विचारावं. "सागाची फळी वल्ली हाय का वाळल्याली, कसं वळखायचं?"

"अगं बया! सैपाकाचं इचारा की!"

पण कालिंदीनं मान वर केली. "उचलून बघायची. वल्ली जड लागती. बोटानं वाजवली की बद्द वाजती."

"वखारीतलं समदं तीच बघती," गणपतराव माफी मागितल्यासारखे म्हणाले.

मी खूश! काखेतला नकाशा काढला आणि पोह्यांच्या बश्या सारून सतरंजीवर पसरला. ती वाकून बघायला लागली. सयाजी मला कोपरानं ढोसत होता. मी त्याला गप्प केलं.

तेवढ्यात गणपतरावांनी डोळे पुसले. "हंबीरराव, आजवर सातजण येऊन गेलं. कुणी चालाय लावलं, कुणी गाणं म्हणाय लावलं. पोरीला तिच्या कामाचं कुणीच इचारलं न्हवतं. सयाजीरावांस्नी पसंत असंल तर..." आणि त्यांनी सयाजीच्या हातात नारळ दिला!

"दादा!" सयाजी ओरडला. त्या दिवसातला तो त्याचा पहिला शब्द.

सतरा वर्षांची हेडक्लार्की, पण एक वाक्य सुचेना! चूक झाली म्हणावं, तर समोर बापाचे ओले डोळे. गप्प बसावं, तर सयाजीच्या हातात नारळ.

बोलली ती कालिंदी. "आबा, हे पोरगी बघाय आल्यालं न्हाईत. पोरगी बघाय नकाशा घिऊन कोण येतंय? ह्यांस्नी इमारतीला भागीदार पायजे."

आवाज अगदी शांत होता. नकाशाची कड मात्र तिच्या मुठीत चुरगळली होती.

"व्हय?" गणपतरावांनी विचारलं. मी मान हलवली.

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. "भाईर समदी गल्ली उभी हाय रे! काय सांगायचं त्यास्नी? आठवा बी गेला म्हणून?"

"आणि भागीदारी बी नको, आबा," कालिंदी म्हणाली. "सहा बिऱ्हाडांस्नी एकच नळ काढलाय. रोज कळशीनं डोकी फुटतील! नकाशा काढताना घरातल्या बाईला तरी इचारलासा काय?"

विचारलं नव्हतं. कुरुंदवाडपर्यंत चौकशी करून आलो, पण स्वयंपाकघरापर्यंत गेलो नव्हतो.

सयाजीनं नारळ हळूच खाली ठेवला. आम्ही बाहेर आलो, तर गिरणीवाला पुढंच उभा! "काय पावणं, ठरलं न्हवं?"

मी मागं बघितलं. कालिंदी आतल्या दारात ताठ उभी होती. मला माझी मनापासून लाज वाटली. मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "न्हाय ठरलं! आमची लई इच्छा हुती. पर पोरीनंच नकार दिला. आमचं स्थळ तिच्या तोलाचं न्हाय!"

कालिंदीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं.

सोमवारी कचेरीत पाय ठेवला, तर शिपाई अंबादास पुढ्यात. "साहेब, ह्या वयात पोरगी बघाय गेलतासा व्हय? आणि तिनं न्हाय म्हटलं?"

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती! मी बायकोसमोर, विमलासमोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती हसली नाही, ओरडलीही नाही.

"नकाशा बघू," म्हणाली. पहिल्यांदाच बघत होती. बराच वेळ बघून तिनं त्या एकुलत्या एक नळावर बोट ठेवलं.

"पोरगी शहाणी हाय. मी बी नकारच दिला असता."

"भागीदारीला?"

"तुमाला," विमला नकाशाची घडी घालत म्हणाली. "पर मला बघाय आलासा, तवा मला कुणी इचारलंच न्हवतं."

आणि ती भाकरी थापायला आत गेली.

मी घडी उलगडली आणि नकाशात आणखी पाच नळ काढले. त्याहून जास्त मला काही सुचलं नाही.