डाव्या हाताचा अर्ज

गुरुवारी सकाळी मुकुंदराव चांदेकरांच्या डाव्या हाताने लेखी कळवलं की, नीट धुतल्याशिवाय तो नातीला घेणार नाही.

अर्ज कॅलेंडरच्या जुन्या पानामागे होता. अक्षर पहिलीतल्या पोराचं, मजकूर मात्र नियमाला धरून. मुकुंदरावांनी एकतीस वर्षं कचेरीत तक्रारअर्जच हाताळले होते, आणि हात तेव्हा सोबतच असायचा. त्यांनी चष्मा लावला.

"जेवणाआधी तांब्या मी धरतो, पाणी उजव्यावर पडतं. एकसष्ट वर्षांत माझी पाळी आली नाही. दाराची कडी, चपला, सायकलची घंटी मात्र माझ्याकडे. बाळ नाजूक आहे. काही झालं तर बोल मला लागेल."

म्हणणं रास्त होतं. नात साडेतीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. आज थोड्याच वेळात लेक अनघा तिला पहिल्यांदा घरी आणणार होती. तिला मांडीवर घ्यायचं म्हणून मुकुंदरावांनी दोनदा दाढी केली होती.

त्यांनी डाव्यावर भसाभसा तांब्या ओतला. हात लोंबतच राहिला.

"अहो, एका हाताने नाही घेता यायची ती. मान धरावी लागते," निर्मलाबाई म्हणाल्या. "खाली अटी आहेत, त्या वाचा की! साबण हवा. तळवा, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. एकोणतीसचा पाढा पुरा होईपर्यंत. आणि धुवायचं उजव्याने."

हे ऐकताच उजवा खिशात गेला. नमस्कार, जेवण, प्रसाद ही त्याची कामं. दुसऱ्याचं धुण्याची त्याला सवय नव्हती.

"तुझी ज्येष्ठता कायम राहील," मुकुंदराव त्याला समजावत म्हणाले. "पण ती पोर आपल्याला ओळखणार कशाने? दोन्ही हातांनीच ना?"

उजवा खिशातून बाहेर आला आणि त्याने साबण उचलला.

मुकुंदराव पाढ्यात सातव्याला अडले. डाव्याने लगेच मूठ मिटली. पुन्हा पहिल्यापासून.

"दोनशे तीन!" स्वयंपाकघरातून निर्मलाबाईंचा आवाज आला.

पाढा पुरा झाला तेव्हा फेस कोपरापर्यंत आला होता. बाहेर रिक्षा थांबली. डाव्याने आपणहून टॉवेल ओढला.

"बाबा, हात?" अनघाने दारातच विचारलं.

"दोन्ही," मुकुंदराव म्हणाले.

तिने बाळ मांडीवर दिलं. उजवा मानेखाली गेला. डावा जरा लाजत पुढे आला, तशी नातीने त्याची करंगळी मुठीत धरली ती सोडेचना. इतकी एवढीशी मूठ! मुकुंदरावांचे डोळे भरून आले, आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

निर्मलाबाई पदर घेऊन पुढे झाल्या. पण त्यांचा डावा हात जागचा हलेना. त्या मुकाट्याने मोरीकडे गेल्या, आणि तिथून एकोणतीसचा पाढा ऐकू यायला लागला.