हक्काचे चार दिवस

दिपालीचा बेत पक्का होता. "पाळी येऊ दे गं एकदा," ती धाकट्या बहिणीला, विजयश्रीला फोनवर छातीठोकपणे म्हणाली, "चार दिवस अंथरुणावरून उठणारच नाही!"

निगडीत वाढलेली ही मुलगी लग्न होऊन कुरुळीत आली, तेव्हा पाळीत बाजूला बसायच्या चालीवरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. पण गणराज झाला, झोपेचं खोबरं झालं आणि तिला परंपरेचं महत्त्व एकाएकी पटलं! बाळंतपणापासून थांबलेल्या पाळीची ती माहेरच्या मुराळ्यासारखी वाट बघत होती.

आणि एका सकाळी आली!

"आई, कावळा शिवला!" ही बातमी तिने पेढे वाटावेत तशी सासूला दिली.

"मग बस जा भाईरच्या खोलीत," सुमनताई म्हणाल्या. "कशाला शिवू नगंस."

"छे छे! भांड्यांना तर मुळीच नाही!"

दिपालीने पांघरूण ओढलं, तोच गणराजने भोंगा लावला. तिने त्याला पाजलं आणि पुढे केलं. "घ्या आई याला."

सुमनताई दोन पावलं मागे सरकल्या. "आगं, तुला शिवलाय त्यो! माझी पूजा व्हायचीय."

"उघडं लेकरू चालतं म्हणता ना तुम्ही?" दिपालीने भराभर त्याचे कपडे उतरवले. शास्त्र शास्त्राला भिडलं! सुमनताईंनी नातू घेतला आणि नातवाने आजीच्या धुवट लुगड्यावर तिथल्या तिथे धार सोडली. थंडीचे दिवस, टाकीत पाणी तळाला. कुडकुडत दुसरी अंघोळ उरकून सुमनताईंनी निकाल दिला, "चार दिस ऱ्हाऊ दे लेकरू आईपाशीच!"

आता आशा नवऱ्याची. निरंजन चाकणच्या कंपनीत सुपरवायझर, महिला दिनाला न चुकता स्टेटस ठेवणारा.

"मी असलं काही मानत नाही," तो बाणेदारपणे म्हणाला.

"मग घ्या याला!"

"पण आईचं मन मोडवत नाही गं," म्हणत त्याने रोजचा ओव्हरटाइम मागून घेतला. मातृभक्तीसुद्धा अशी वेळेवर जागी व्हावी लागते!

पोटात कळा, मांडीवर गणराज. तो केस ओढत होता, पेपर खात होता, झोपत तेवढा नव्हता. एरवी भांडी घासताना तरी तो आजीकडे असायचा. दिपालीला त्या खरकट्या कढईची आठवण येऊन खरोखर रडू फुटलं.

पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन ती बाहेर आली, ती भाषण तयार करूनच. समोर सुमनताई टवटवीत!

"आई, ही शिवताशिवत आता कायमची बंद!"

"बंद?" सुमनताई दचकल्या. "आगं, नातू झाल्यापासनं पयल्यांदा दुपारची झोप लागली मला! रोज भजनालाबी गेले." मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अंगावर पाजतीस तवर पाळीचा भरवसा नसतो म्हनं. डाक्टरीनबाईला इचार की... दर म्हयन्याला न चुकता यील, असं कायतरी औशिद!"